सगळ्यांचं वजन पंचाहत्तर

धावपट्टीच्या कडेला एक बसकी इमारत होती. तिच्यात तीन खोल्या: एक प्रवाशांनी बसायची, एक सामानाची आणि दोन्हींच्या मधे काट्याची. काटा म्हणजे जमिनीलगत बसवलेला लोखंडी चौथरा आणि भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. इथून उडणारं विमान एकोणीस माणसांचं, चिमणीएवढं. त्यात बसायचं तर आधी त्या चौथऱ्यावर उभं राहावं लागायचं, सामानासकट, चपलांसकट, मग तो साहेब असो की सासूबाई. पलीकडे टेबल टाकून आकडे लिहिणाऱ्या बाईला सगळे वजनताई म्हणायचे. तिचं खरं नाव आता पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

"श्वास रोखून उपयोग नाही हो," ती जाड्या माणसांना सांगायची. "हवा आत ठेवलीत तर तिचंही वजन लावीन."

बसायच्या खोलीत रंगवलेला एक फलक होता. पलीकडचं विमानतळ: हवेतून एकशे अठरा किलोमीटर, वेळ बत्तीस मिनिटं. त्याखाली, लोकांनी विचारून विचारून जीव खाऊ नये म्हणून, वजनताईनं स्वतः खडूनं लिहिलं होतं: रस्त्यानं चारशे दहा, वेळ नऊ तास. मधे दोन डोंगररांगा आणि एक दरी. पाखरू सरळ जातं. गाडीला डोंगराची मनधरणी करत, त्याच्या पायाशी घोळत जावं लागतं. गेल्या आठवड्यात दरीतला पूल खचला तेव्हा तिनं नऊ पुसून चौदा केले.

त्या चौदा तासांच्या भरवशावर तिची धाकटी बहीण गेले तीन दिवस गाढ झोपत होती.

धाकटी सोमवारी आली. एक कापडी पिशवी, वरच्या ओठाला तीन टाके, आणि डावा हात असा धरलेला, जणू कडेवर न दिसणारं मूल आहे. तिचा नवरा खाणीत क्रेन चालवायचा. दिवसभर दहा दहा टनांचे दगड एका बोटानं उचलायचा आणि हलकेच ठेवायचा; लोक म्हणायचे, काय हात आहे. घरी तोच हात ठेवताना हलका राहत नसे.

तिला विमानात बसवलं ते पलीकडच्या काकांनी. हे काका म्हणजे त्या विमानतळावरचे वजनवाले. वजनताईनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं फक्त आवाज. विमान सुटायच्या आधी त्यांचा वजनाचा कागद यंत्रातून यायचा आणि सुटल्यावर फोन, आणि फोनवर ते आकडे असे वाचायचे, जसे कुणी पाळण्याशी बसून गातंय. "पहिल्या रांगेत एकसष्ट, त्यातले दोन किलो अत्तराचे. चौथ्या रांगेत अठ्ठ्याऐंशी, माणूस गोड आहे." सोमवारी मात्र ते हळू बोलले होते.

"पोरी, तिसऱ्या रांगेत त्रेचाळीस. तुझं माणूस आहे. लग्नाच्या दिवशी तुझ्याकडून छप्पन्न आलं होतं. माझ्या वहीत आहे."

चार वर्षांत तेरा किलो. वजनताईनं तो आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवायला तिला थोडा वेळ लागला.

खरं तर धाकटीनं इथं थांबायचंच नव्हतं. विमान इथं वीस मिनिटं टेकतं आणि पुढे मोठ्या शहराला जातं, एक तास पन्नास मिनिटं. तिथं शिवणाच्या कारखान्यात काम होतं, राहायला खाट होती, आणि लाखो माणसांत कुणाला कोण सापडतं. पण सोमवारी विमान चाळीस किलोंनी जड झालं. इथली रीत अशी की वजन वाढलं तर आधी कर्मचाऱ्याचा नातलग उतरतो. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. वजनताईनंच घातलेली रीत ती, कुणी बोट दाखवू नये म्हणून. तिनं बहिणीला स्वतःच्या हातानं खाली उतरवलं.

"ताई, तू परीक्षेतही मला नापास केलं असतंस," धाकटी ओठाचे टाके सांभाळत हसली.

"गुरुवारी जाशील. तू इकडे आलीस हे फक्त काकांच्या वहीत आहे, तो विमानात पाय ठेवणार नाही आणि रस्ता चौदा तासांचा आहे."

तो विमानात पाय ठेवणार नाही हे सगळ्या घराला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्या प्रवासात तो भीतीनं पांढराफटक पडला, ओकला, आणि बत्तीस मिनिटं धाकटीचा दंड धरून बसला. दंडावर पाच बोटं आठ दिवस निळी होती. बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या: केवढा जीव आहे हो. ती पाच बोटं पहिली. तेव्हा कुणी मोजली नाहीत.

*

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी यंत्रानं कागद ओकला.

वजनताईनं तो सवयीनं उचलला. धाकटी तिच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पाय हलवत होती, चहाचा पेला दोन्ही हातांत. शिपाईमामा दारात उभे राहून तिला सांगत होते की मोठ्या शहरात कुणी पत्ता विचारला तर खरा सांगू नये आणि कुणाला विचारला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कागदावर लिहिलं होतं: प्रवासी अकरा. पंचाहत्तर. पंचाहत्तर. पंचाहत्तर. खालपर्यंत पंचाहत्तर.

काटा बिघडला की असं ठोक वजन लावायची मुभा असते. इतर विमानतळांवर लावतात. काकांनी अकरा वर्षांत एकदाही लावलं नव्हतं. एकदा त्यांचा काटा बंद पडला तर त्यांनी गावातल्या वखारीतला काटा हातगाडीवर घालून आणवला होता आणि विमान पाऊण तास खोळंबवलं होतं.

तिनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. काकांचा फोन तिसऱ्या घंटेच्या पुढे कधी गेला नव्हता.

कागद बोलत नव्हता, पण गप्पही नव्हता. कुणीतरी काकांच्या डोक्याशी उभं होतं. त्या कुणाला नाव लिहिलेलं चाललं नसतं, खूण चालली नसती, एक जादा शब्द चालला नसता. पण आकडे? आकडे कोण बघतो. अकरा वर्षांत एक खोटा आकडा न लिहिलेल्या माणसानं अकरा खोटे आकडे एकाखाली एक लिहिले होते, आणि हे जगात एकाच माणसाला कळणार होतं.

"मामा," ती म्हणाली, "वर जा. रेडिओभाऊंना म्हणावं कॅप्टनना सहज विचारा, विमान कसं चाललंय. सहज. बाकी काही नाही."

वरच्या काचेच्या खोलीत बसून विमानाशी बोलणारे रेडिओभाऊ दोन मिनिटांत स्वतःच जिन्यावर आले. "कॅप्टन म्हणतात शेपूट जड आहे. शेवटच्या रांगेत क्रेनएवढा माणूस बसवलाय आणि कागदावर म्हणे पंचाहत्तर. हसतायत ते. म्हणतात, माणूस डोळे मिटून खुर्चीचा दांडा उपटायला बघतोय."

धाकटीच्या हातातला पेला पडला नाही. तिनं तो नीट टेबलावर ठेवला, कडेपासून दूर. मार खाणाऱ्या घरात वस्तू सांभाळून ठेवायची सवय लागते.

"आला," ती म्हणाली.

"कॅप्टनना सांगू का? परत फिरवतील," रेडिओभाऊ म्हणाले.

"त्यांच्यात आणि त्याच्यात एक पडदा आहे फक्त. कापडाचा," वजनताई म्हणाली. "त्याला वास लागला तर अकरा माणसं डोंगरात. पोलिसांना फोन करा."

चौकी घाटाखाली होती. तिथून उत्तर आलं की गाडी बाहेर गेली आहे, आली की पाठवतो, तासभर धरा.

घड्याळात अकरा वीस. विमान अकरा चौदाला उडालेलं. बत्तीसमधली सहा मिनिटं खर्ची पडली होती.

"ताई, मी मागच्या रस्त्यानं जाते. लपते कुठं तरी."

"कुठं? एक रस्ता, चाळीस घरं. विमान पुढच्या सोमवारी. चार दिवस तो काय देवळात बसणार आहे?" वजनताईनं तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. "तू याच विमानानं जायचं. तो उतरेल, तू चढशील. मधे वीस मिनिटं आहेत. ती माझी."

*

मग त्या तीन खोल्यांत बायका सणासुदीआधी घर आवरतात तशा घाईनं, न बोलता, सगळं झालं. सामानाच्या खोलीत हातगाडी होती, लोखंडी चाकांची. तिच्यावर आधी दोन गाठोडी, मग धाकटी, गुडघे पोटाशी, मग ताडपत्री, वर तीन पेट्या कडेकडेनं. पुढे जाणारे सहा प्रवासी तोलून झाले होते. त्यांना मामांनी बाहेर सावलीत रांगेत उभं केलं. काट्याच्या खोलीला दोन दारं, दोन्ही लोखंडी, कारण तिजोरीही तिथंच. सामानाकडचं दार मामा पलीकडून कडी लावून बंद करणार. बसायच्या खोलीकडचं दार वजनताई आतून कुलूप लावणार. तिसरी जागा म्हणजे धावपट्टीकडची चिठ्ठीची खिडकी, गजांची, वहीएवढी. तिच्यातून ती वजनाचे कागद बाहेर द्यायची.

"किल्ली मी खिडकीतून टाकीन," ती मामांना म्हणाली. "उचलायची आणि खिशात ठेवायची. आतून काहीही ऐकू आलं तरी विमानाची चाकं जमीन सोडेपर्यंत दार उघडायचं नाही."

"पोरी, माझ्याच्यानं होणार नाही."

"मामा, तुमच्या नातीच्या वयाची आहे ती गाडीवर."

मामांनी मान खाली घातली. ती घातलेली मान म्हणजेच होकार होता.

ताडपत्री सारखी करताना आतून आवाज आला, अगदी बारीक.

"ताई. ते गाणं म्हण ना."

लहानपणी दोघी अंगणात उभ्या राहून म्हणायच्या ते. कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच जुळवलेलं:

*विमान गेलं डोंगरावरून,
सावली गेली अंगणावरून,
सावली माझी धरशील का,
संध्याकाळी परतशील का.*

"नंतर," वजनताई म्हणाली. "आता म्हटलं तर माझा आवाज फुटेल."

अकरा सेहेचाळीसला विमान टेकलं. एक मिनिट पुढे नाही, मागे नाही.

*

तो सगळ्यांच्या शेवटी उतरला. शिडीवर दोन्ही हातांनी दांडा धरून, एकेक पाय चाचपत. तोंड राखेसारखं, शर्टाच्या बाहीवर तपकिरी झालेलं रक्त. ते त्याचं नव्हतं. जमिनीवर पाय टेकले तसा तो हळूहळू पुन्हा भरत गेला, फुगलेल्या कणकेसारखा.

वजनताई बसायच्या खोलीच्या दारात उभी होती.

"या भाऊजी," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही मोठ्या. तुमच्या अंगाला हात लावायची वेळ आणू नका. कुठंय ती?"

"आत."

ती वळून काट्याच्या खोलीत गेली. तो मागोमाग आला. तिनं सामानाच्या दाराकडे बोट केलं. तो तिकडे झेपावला, दार ओढलं, कडी पलीकडून होती. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे कुलपाचा आवाज झाला. तो फिरला तेव्हा किल्ली गजांतून बाहेर पडत होती. ती सिमेंटवर वाजली, आणि मामांची चप्पल तिच्यावर आली.

अकरा एक्कावन्न. विमान बारा सहाला सुटणार. पंधरा मिनिटं.

पहिला हात उघडा होता. तो कानावर बसला आणि खोलीतला सगळा आवाज एका शिट्टीत गेला. ती टेबलावर आपटली, टेबलावरून खाली. चहाचा पेला फुटला. तिनं मनात म्हटलं, चौदा.

"किल्ली मागवा."

"मामा बहिरे आहेत," ती म्हणाली.

लाथ बरगडीत बसली. ती विटीसारखी सरकत भिंतीपर्यंत गेली. तो सामानाच्या दाराकडे वळला, खांद्यानं धडका देऊ लागला, आणि लोखंड पलीकडे वाकताना ओरडू लागलं. दाराच्या पलीकडे, चार हातांवर, चाकं हलल्याची कुरकुर तिला ऐकू आली. तिनं रांगत जाऊन त्याचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला आणि पोटरीला चावली, कापडासकट, दात एकमेकांना भिडेपर्यंत. तो किंचाळला नाही. त्यानं खाली वाकून तिचे केस मुठीत घेतले आणि तिचं डोकं चौथऱ्याच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडे भांबावून उसळले, खाली आले. तिच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं आणि अर्धी खोली तांबडी झाली. दहा, ती म्हणाली. की अकरा. मोजणाऱ्या बाईची मोजणी चुकली.

"तुमच्या त्या म्हाताऱ्यानंही असंच केलं," तो दम घेत म्हणाला. "वही दाखव म्हटलं तर छातीशी धरून बसला. गेला ना जिवानिशी? कोण लागते ती त्याची?"

वजनताईनं टेबलाच्या कडेला धरून उठायचा प्रयत्न केला. उजवा हात उघड्या खणावर टेकला होता. त्यानं ते पाहिलं, आणि दगड ठेवणाऱ्या माणसाच्या सावकाशीनं पाऊल उचलून खण बंद केला.

चार बोटं. आवाज फार नव्हता. सुपारी फुटावी तेवढा, चार वेळा. बाहेर मामांनी ऐकला असणार, कारण बाहेरून कुणाचा तरी हुंदका आला.

आणि मग चिठ्ठीच्या खिडकीत एक कागद थरथरत आत आला.

"ताई," मामांचा आवाज रडवेला झाला होता. "कॅप्टन म्हणतात, वजनाच्या कागदावर सही नाही."

तिला वाटलं, आता आपण हसणार. अकरा वर्षांची सवय. सगळे बसले, दार लागलं, माणसं परत मोजली, की मग शेवटी सही. त्याच्याआधी कधी नाही. घाईत तिनं आकडे लिहिले, बेरीज मांडली, दोनदा तपासली, आणि सही न करता कागद मामांच्या हाती दिला. दारं मोजली होती, मिनिटं मोजली होती, आणि स्वतःचीच सही विसरली. सहीशिवाय कॅप्टन इंजिन लावणार नाही. देव आला तरी नाही. तिनंच त्यांना तसं शिकवलं होतं.

त्यानं कागद ओढून घेतला. वरून खाली वाचला. सहा पंचाहत्तर, मग बासष्ट, एक्क्याऐंशी, चौपन्न, एकोणसत्तर, शहात्तर, अठ्ठावन्न, त्रेचाळीस. त्याची नजर त्रेचाळीसवरून गेली आणि थांबली नाही. चार वर्षं ज्या देहावर हात टाकला त्याचं वजन त्याला ठाऊक नव्हतं. पण तो मूर्ख नव्हता. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. रिकामी हातगाडी, बाजूला पडलेली ताडपत्री, विमानाची शिडी वर जाताना.

"अस्सं," तो म्हणाला. "म्हणजे ही सही झाली नाही तर ते हलत नाही."

त्यानं कागद चुरगळून मुठीत घेतला, तोंड गजांना लावलं आणि ओरडू लागला, तिचं नाव, शिव्या, पुन्हा नाव.

टेबलाखाली प्रमाण वजन असायचं, वीस किलोचं, ओतीव, वर कडी. रोज सकाळी काटा खरा आहे ना हे पाहायला ती ते चौथऱ्यावर ठेवायची आणि उचलायची. अकरा वर्षं, रोज. डाव्या हाताची बोटं कडीत गेली. उजव्याचं कोपर खालून लावलं. बरगडीत काहीतरी सरकलं. ती उभी राहिली, कशी ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि त्याच्या मागे दोन पावलं गेली. तो अजून ओरडत होता. पायात कापडी बूट होते.

तिनं ते टाकलं नाही, सोडलं. छातीच्या उंचीवरून.

त्याच्या पावलाचं जे झालं त्याचा आवाज ओल्या फांदीसारखा होता. ओरडण्यातला शब्द मधेच तुटला. तो आडवा झाला, चौथऱ्यावर, पाय हातात धरून, आणि मूठ उघडली. तिनं कागद उचलला. मांडीवर पसरला. पेन डाव्या हातात लहान मुलाच्या काठीसारखं धरलं. अक्षरं एकमेकांवर चढली, शेवटच्यावर भुवईचा थेंब पडला. तिनं तो पुसला नाही. पुसला तर शाई जाईल. कागद गजांतून बाहेर सरकवला.

"मामा. पळा."

त्याच क्षणी तिचा घोटा मागून धरला गेला. ती पालथी पडली, चौथऱ्यावर, त्याच्या अंगावर. त्याचे हात तिच्या गळ्याशी आले. तेच हात, काय हात आहे. पाटीवरचे आकडे डळमळून स्थिर झाले: एकशे अठ्ठावन्न. श्वास आत येईना. बाहेर शांत होतं. फार वेळ शांत होतं. कॅप्टन ती वेडीवाकडी सही बघत असतील. अकरा वर्षांच्या सह्यांशी मनात ताडून बघत असतील. लाल आकडे विझू लागले, काळ्या पाण्यात बुडू लागले.

मग एक इंजिन खोकलं. दुसरं खोकलं. खिडकीचे गज गुणगुणू लागले, फुटलेल्या पेल्याचे तुकडे जमिनीवर नाचू लागले. त्यालाही ते ऐकू आलं. त्याच्या बोटांचा जोर वाढला, आणि तिनं, उरलेल्या शेवटच्या शुद्धीनं, आपली टाच त्याच्या फुटलेल्या पावलावर मारली. पुन्हा मारली. प्रत्येक वेळी बोटं जराशी ढिली व्हायची आणि एक घोट हवा आत यायची. अशी घोटाघोटानं ती त्या धावपट्टीची लांबी जगली.

आवाज दूर गेला, वाढला, आणि जमिनीतून निघून हवेत गेला.

कुलूप उघडलं. मामा होते, रेडिओभाऊ होते, उतरलेल्या प्रवाशांतले दोघे होते आणि त्यांच्यापैकी एकाच्या हातात आग विझवायची लाल नळकांडी होती. ती त्याच्या डोक्यावर एकदाच बसली. त्याला काखेत धरून चौथऱ्यावरून ओढलं तसे पाटीवरचे आकडे खाली आले. एकसष्ट. म्हणजे तिची ती. एकशे अठ्ठावन्न उणे एकसष्ट, सत्त्याण्णव. काकांच्या कागदावरची एक ओळ आता दुरुस्त करता येत होती.

खिडकीतून एक सावली झरकन गेली, तिच्या तोंडावरून, भिंतीवरून, आणि विरली.

*

"मी कळवतो पुढे," रेडिओभाऊ म्हणाले. "तुम्ही पडून राहा."

"फोन द्या इकडे."

मोठ्या शहरातल्या माणसाला तिनं आकडे सांगितले, सुजलेल्या जिभेनं, एकेक. पहिले सहा पंचाहत्तर. मग आपले. शेवटी, आठव्या रांगेत, त्रेचाळीस.

"हेही ठोक का?" त्यानं विचारलं.

"नाही. तोललेलं."

"अंतर सहाशे चाळीस. एक तास पन्नास धरू?"

"धरा."

पोलिसांची गाडी सव्वाला आली. त्याच्या बेड्या घातलेल्या हातांपेक्षा पावलाकडेच ते जास्त बघत होते. तिला दवाखान्यात न्यायला मामांनी जीप दाराशी लावली. ती उठली नाही. भिंतीला पाठ लावून बसली, उजवा हात ओल्या टॉवेलात, एक डोळा मिटलेला, दुसरा घड्याळावर. दीडला पलीकडून एका अनोळखी आवाजाचा फोन आला. काका खोलीत बेशुद्ध सापडले होते, कागद बाहेर गेल्यावर धाकटीच्या नवऱ्यानं त्यांना मारून दार बाहेरून लावून घेतलं होतं. तीन बरगड्या. जगतील. मघाशी डोळे उघडले आणि एवढंच विचारलं, पोरीला पंचाहत्तर कळलं का.

"कळलं म्हणावं," ती म्हणाली. "आणि म्हणावं, वाचून दाखवायला उद्या फोन करा. अंथरुणातनं चालेल."

एक छप्पन्न झाले. सत्तावन्न. अठ्ठावन्न. मामा दाराच्या चौकटीचं रंगाचे पोपडे काढत बसले होते.

दोनला चार मिनिटं कमी असताना उतरायला हवं होतं. दोन वाजून गेले. फोन वाजला तेव्हा रेडिओभाऊंनी उचलून तिच्या बऱ्या कानाला लावला.

"उतरलं हो," मोठ्या शहरातला माणूस म्हणाला. "समोरून वारा होता. पण तुमच्या त्या त्रेचाळीसवाल्या बाई इथं माझ्या काट्यावर उभ्या आहेत आणि उतरत नाहीत. कॅप्टननी त्यांना आपला जेवणाचा डबा दिला म्हणे. त्या म्हणतात, ताईला आकडा सांगा, मगच जाते."

"किती?"

"चव्वेचाळीस."

वजनताईनं डाव्या हातानं पेन उचललं, आणि मामांना म्हणाली, जीप चालू करा, एक आकडा लिहिते आणि येते.